वाळतंय तर वाळू द्या

रोपवाटिकेत ज्या झाडाबद्दल 'याला काही निगा लागत नाही हो' असं सांगतात, ते झाड घरी नेण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा. निगा लागणारं झाड एक वेळ परवडलं. त्याला पाणी द्या, खत द्या, किडीवर औषध मारा. एवढं करूनही मेलं तर 'आमचं काय कमी पडलं?' असं चारचौघांत विचारता तरी येतं. निगा न लागणारं झाड मरतं ते मात्र बहुधा निगा राखल्यामुळेच, आणि हा ठपका घ्यायला कोणताही बागप्रेमी तयार नसतो. कॅलिफोर्नियातला रानटी स्नॅपड्रॅगन हे या पंथातलं अस्सल झाड. पाण्याची बिलं वाढली, हिरवळ परवडेनाशी झाली, म्हणून तिथली मंडळी आपल्या मातीतल्या झाडांकडे वळू लागली, आणि कोरडी जमीन व दिवसभराचं ऊन एवढ्या भांडवलावर फुलणारा हा स्नॅपड्रॅगन त्यांना फार सोयीचा वाटला. निवड अगदी बरोबर आहे. कारण तेवढं चुकलेलं आहे. हे झाड कष्ट वाचवतं यात शंका नाही, पण वाचवलेल्या प्रत्येक कष्टाची वसुली ते मालकाच्या स्वभावातून करतं.

आधी ओळख करून घेऊ. पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांत थंडीच्या दिवसांत 'डॉग फ्लॉवर' म्हणून जो मिळतो, गालफडं दाबली की आ करतो आणि लहान मुलांच्या हाती लागला की दुपारपर्यंत आ करून करून मान टाकतो, तो भूमध्य समुद्राकाठचा स्नॅपड्रॅगन. अमेरिकेच्या पश्चिम अंगाला त्याची भावकी रानोमाळ पसरली आहे. गुलाबी फुलांचा मल्टिफ्लोरस कमरेएवढा वाढतो आणि त्याच्या खोडावर इतकी चिकट लव असते की हात लावल्यावर बोटं एकमेकांना सोडत नाहीत. पांढऱ्या फुलांचा कोल्टरियानस आपल्या बारीक फांद्यांचे वेढे शेजारच्या झुडपाला घालतो आणि स्वतःचं खोड जाड करण्याचा खर्च वाचवतो. तिसरा, जांभळा नटॅलियानस. शास्त्रज्ञांनी या सगळ्यांना अँटिर्हिनम या जुन्या वाड्यातून काढून सायरोकार्पस नावाचं वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं आहे. ते सगळ्यांना मान्य नसल्यामुळे हे झाड आजही दोन्ही नावांनी विकलं जातं. कोल्टरियानसच्या नावातला कोल्टर हा आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञ, १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात हिंडलेला. नटॅलियानसच्या नावातल्या नटालची गोष्ट अधिक रंगतदार आहे. पूर्वी हार्वर्डला शिकवलेला हा गृहस्थ १८३६ साली सॅन डिएगोच्या किनाऱ्यावर अनवाणी, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, डोक्यावर गवती टोपी अशा अवतारात दगड आणि शिंपले वेचत फिरताना हार्वर्डच्याच एका विद्यार्थ्याला दिसला. तो विद्यार्थी रिचर्ड हेन्री डेना तेव्हा शिक्षण अर्धवट टाकून जहाजावर खलाशी झाला होता, आणि १८४० मध्ये आलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्रसंग आहे. जहाजावरच्या काही खलाशांना हा म्हातारा वेडा वाटला होता. या झाडाच्या नादी लागलेल्या माणसाकडे बघून शेजाऱ्यांनी भुवया उंचावण्याची परंपरा ही अशी जुनी आहे.

आता मुद्द्याचं: पाणी. लॉस एंजेलिसला वर्षाकाठी साडेतीनशे ते पावणेचारशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या साधारण निम्मा, आणि तो पडतो मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात. एकदा एप्रिल सरला की आभाळ दिवाळीपर्यंत तोंड दाखवत नाही. रानटी स्नॅपड्रॅगनने आपला सगळा संसार या वेळापत्रकावर बेतला आहे. पहिल्या पावसाला रुजायचं, थंडीभर मुळं खाली सोडायची, वसंतात फुलायचं, उन्हाळ्याच्या तोंडावर बी धरायचं आणि मग वाळायचं. कोल्टरियानस वर्षायू असल्यामुळे वाळतो तो कायमचाच. मल्टिफ्लोरस आणखी काही वर्षं टिकतो, पण भर उन्हाळ्यात तोही पानं टाकून, काटक्यांचा जुडगा होऊन पडून राहतो. आणि नेमकं हेच बघवत नाही. ऑगस्टच्या उन्हात एखादं झाड माना टाकून उभं आहे आणि आपल्या हाती नळी आहे, अशा वेळी पाणी न घालायला ऋषीचं मन लागतं. त्यातून मराठी माणूस असेल तर विचारूच नका. तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालण्याचे आणि उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोई लावण्याचे संस्कार असे सहजासहजी सुटत नाहीत. पाणी घातलं की काय होतं ते मात्र ठरलेलं आहे. तापलेली आणि वर ओली केलेली माती म्हणजे फायटॉप्थोरासारख्या, मुळं कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांची पर्वणी. मुळं कुजली की झाडाला पाणी शोषता येत नाही. पाणी शोषता आलं नाही की पानं मलूल होतात. पानं मलूल झालेली पाहून मालक म्हणतो, 'बघा, तहानलंय बिचारं,' आणि नळी घेऊन पुन्हा धावतो. अति तिथे माती ही म्हण लिहिणाऱ्याने या झाडाचा पंचनामा वाचला असता तर 'अति तिथे ओली माती' अशी दुरुस्ती केली असती.

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत ही कुचंबणा आणखी एका कारणाने वाढते. तिथे मागच्या अंगणात कढीपत्ता असतो, आणि तो सोन्याच्या मोलाचा. २००८ साली लिंबूवर्गीय झाडांना घातक रोग पसरवणारी इवलीशी सिला कीड राज्यात सापडली, कढीपत्ता तिच्या आवडीचा निघाला, आणि त्याची रोपं इकडून तिकडे नेण्यावर सरकारी बंधनं आली. त्यामुळे आहे त्या कुंडीला थंडीत पांघरूण घालायचं आणि उन्हाळ्यात भरपूर पाणी पाजायचं, असे तिचे लाड होतात. हे लाड कढीपत्त्याला मानवतात. पण ठिबकची तीच नळी दोन फूट पुढे ओढून स्नॅपड्रॅगनच्या बुंध्याशी नेली की एकाचं अमृत ते दुसऱ्याचं विष होतं. खताचंही तेच. हा स्नॅपड्रॅगन रस्त्यासाठी कापलेल्या दरडीवर, ओढ्याच्या वाळूत, जिथे मूठभर कसदार माती मिळायची मारामार तिथे उगवतो. त्याला कंपोस्टच्या खड्ड्यात बसवलं की तो भराभर वाढतो, लोळतो आणि लवकर आटोपतो. याहून जास्त या विषयावर लिहिण्यासारखं काही नाही; खत घालू नका, एवढंच.

बियाण्याची कथा मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे माळ्याचा संयमच नव्हे, अब्रूही पणाला लागते. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर चॅपरल नावाचं काटक झुडपांचं रान आहे आणि ते अधूनमधून पेटतं. आग विझल्यावर येणाऱ्या पहिल्या वसंतात काळ्या राखेच्या उतारावर कोल्टरियानस आणि त्याचे काही भाऊबंद शेकड्यांनी उगवतात. आदल्या वर्षी तिथे एक रोप शोधूनही सापडलं नसतं. बी कुठून आलं? ते तिथेच होतं. मागच्या आगीनंतर पडलेलं, मातीत वर्षानुवर्षं, दशकानुदशकं झोपलेलं. त्याला जाग येते ती धुरातल्या आणि जळक्या लाकडातल्या रसायनांमुळे. याच रानातल्या दुसऱ्या एका आग-फुलाचं, एमेनॅन्थीचं, बी धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडने जागं होतं, असं केली आणि फॉदरिंगहॅम या संशोधकांनी १९९७ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं. हा वायू मोटारींच्या धुरातही असतो, म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये त्याची टंचाई कधी नव्हती. पण झाडांनी फ्रीवेच्या कडेला उसळून यावं असं काही घडलेलं दिसत नाही. जाळ झाल्यावर बी रुजतं, यात कोकणातल्या शेतकऱ्याला फारसं नवल वाटणार नाही. भाताची रोपं करायची तर पालापाचोळा, टाहाळ आणि शेण पसरून राब भाजायचा आणि मग पेरायचं, हे तो पिढ्यानपिढ्या करत आला आहे. कॅलिफोर्नियात मात्र सबर्बातल्या अंगणात काडी ओढली की शेजारी आधी अग्निशामक दलाला फोन करतात आणि मग विचारतात, 'काय करताय?' ज्या राज्यात दर वर्षी वणव्यांनी वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या कराव्या लागतात, तिथे फुलांसाठी जाळ करतोय हे उत्तर पोलिसांनाही पटणार नाही. यावर हौशी लोकांनी शोधलेला तोडगा असा, की मांसाला धुराचा वास लावण्यासाठी वाणसामानाच्या दुकानात 'लिक्विड स्मोक' नावाची बाटली मिळते, तिचे थेंब पाण्यात टाकून त्यात बी भिजत घालायचं. एवढे सोपस्कार झाले की ते धुळीसारखं बारीक बी मातीवर नुसतं भुरभुरायचं, पुरायचं नाही, आणि पहिल्या पावसाची वाट बघायची. निगा न लागणाऱ्या झाडाचा हा श्रीगणेशा.

इथे कुणी हुशार वाचक हात वर करील. काहीच न करणं हेच जर या झाडाचं शास्त्र असेल, तर अंगण तसंच सोडून द्यावं, निसर्ग काय ते बघून घेईल. हा आक्षेप ऐकायला फार गोड आहे आणि आळशी माणसाला तो वेदवाक्य वाटण्याचा संभव आहे. पण निसर्गाच्या भरवशावर सोडलेल्या कॅलिफोर्नियन अंगणात स्नॅपड्रॅगन येत नाही. येतात ते युरोपातून आलेले रानओट, ब्रोम गवत आणि काळी मोहरी. ही मोहरी आपल्या फोडणीतल्या मोहरीच्या भावकीतली. स्पॅनिश पाद्री वाट ओळखू यावी म्हणून ती रस्त्याच्या कडेने उधळत गेले अशी दंतकथा तिथे सांगतात. कथा खरी असो वा नसो, डोंगरच्या डोंगर वसंतात पिवळे होतात आणि पर्यटक त्यासमोर फोटो काढून 'काय निसर्ग आहे!' म्हणतात. या पाहुण्यांपुढे वीतभर उंचीच्या देशी रोपाचा टिकाव लागत नाही. म्हणजे उपटावं तर लागतंच, आणि उपटताना कुठलं रोप आपलं आणि कुठलं परकं हे ओळखावं लागतं, जे चार पानांच्या वयात भल्याभल्यांना जमत नाही. बरं, तण येऊ नये म्हणून सालपटांचा जाड थर पसरावा, तर स्नॅपड्रॅगनचं धुळीएवढं बी त्याखाली रुजत नाही. त्याला उघडी, भेगाळलेली, जराशी बेअब्रू झालेली माती लागते. तेव्हा काही न करणं आणि नेमक्या ठिकाणी काही न करणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिली सगळ्यांना जन्मतः येते. दुसरीसाठी थिओडोर पेनसारखी माणसं आयुष्य घालवतात. हा इंग्लंडात जन्मलेला रोपवाटिकावाला १९०३ पासून लॉस एंजेलिसच्या लोकांना त्यांच्याच डोंगरावरच्या फुलांचं बी विकत होता, आणि त्याच्या नावाची संस्था ते काम आजही करते. स्वतःच्या परसातलं झाड कोणतं हे सांगायला परदेशी माणूस लागावा, यात आपण तरी हसण्यासारखं काही नाही.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा आहे: पाच महिने मेल्यासारखी दिसणारी बाग कोण ठेवील? याचं उत्तर सोपं आहे, फक्त ते पचायला जड जातं. अमेरिकेच्या ईशान्येला मेपल आणि ओक थंडीत पाच महिने उघडेबोडके उभे असतात. त्यांची लोक चित्रं काढतात, कॅलेंडरं छापतात. झाड थंडीने झोपलं तर ते काव्य आणि उन्हाने झोपलं तर नगरपालिकेची नोटीस, हा पक्षपात झाला. आणि नोटीस हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. २०१४ च्या दुष्काळात ग्लेंडोरा गावातल्या एका जोडप्याने हिरवळीचं पाणी कमी केलं, तर अंगण तपकिरी ठेवल्याबद्दल पाचशे डॉलरपर्यंत दंडाची तंबी देणारं पत्र गावाकडून त्यांना आलं. त्याच सुमारास राज्य सरकारने पाणी उधळणाऱ्यांना दिवसाला पाचशे डॉलरपर्यंत दंड जाहीर केला होता. पाणी घातलं तरी पाचशे, न घातलं तरी पाचशे. पुढे कायदे करून असे दंड बंद करावे लागले. दरम्यान काही लोकांनी यातून शहाणपणाचा मार्ग काढला आणि वाळलेल्या गवताला हिरवा रंग फासून घेतला. रंग मारून देणाऱ्या कंपन्यांना त्या दिवसांत चांगला धंदा मिळाला. १ एप्रिल २०१५ रोजी गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी सिएरा नेवाडातल्या, एरवी बर्फाने झाकलेल्या पण त्या वर्षी ठणठणीत कोरड्या कुरणावर उभं राहून शहरांच्या पाणीवापरात २५ टक्के कपात जाहीर केली. दक्षिणेत तेव्हा हिरवळ काढणाऱ्याला चौरस फुटामागे दोन डॉलर मिळत होते. रंगवलेल्या गवतापेक्षा प्रामाणिकपणे वाळलेला स्नॅपड्रॅगन बरा, हे पटवायला इतका मोठा दुष्काळ लागला. तेवढ्यानेही सगळ्यांना पटलं असं नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. संकरित स्नॅपड्रॅगन काय वाईट? फुलं मोठी, रंग हवा तो, सहा सहाच्या ट्रेमध्ये मिळतो. वाईट काहीच नाही. मूळचा तोही स्पेन-फ्रान्सकडच्या खडकांवर आणि पडक्या भिंतींवर उन्हात भाजत वाढणारा गडी. आपण त्याला ट्रेमध्ये वाढवून धोंड्याच्या महिन्यातल्या जावयासारखा करून ठेवला, आणि आता तो पाणी, खत, छाटणी यांतलं काही चुकलं की रुसतो. कॅलिफोर्नियात तर त्याच्यासाठी एक खास शत्रू वाट बघत बसलेला होता. तिथल्या रानटी स्नॅपड्रॅगनवर पक्सिनिया अँटिर्हिनाय नावाचा तांबेरा पूर्वापार राहत होता. यजमान आणि रोग एकमेकांना सरावलेले. युरोपातून पाहुणा आला तसा हा तांबेरा त्याच्यावर चढला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची शास्त्रात नोंद झाली, आणि १९३० च्या दशकात तो अटलांटिक ओलांडून पाहुण्याच्या माहेरी, युरोपातल्या बागांत पोचला. तांबेऱ्याला तोंड देणारे वाण काढण्यात मग उत्पादकांची वर्षं गेली. रानटी झाडाला काही होत नाही असा याचा अर्थ नाही. त्याच्या पानांवरही तपकिरी फोड येतात, पण त्यासाठी फवारणीचा पंप घेऊन धावणारं कुणी नसतं, आणि कोरड्या हवेत तो फोडांसकट बी धरून मोकळा होतो.

एवढं करून फूल केवढं, असंही विचारलं जाईल. जेमतेम दीड सेंटीमीटर. पुष्पगुच्छात त्याला कुणी विचारणार नाही. पण मार्च-एप्रिलच्या सकाळी जवळ जाऊन बघितलं तर त्या दीड सेंटीमीटरमध्ये पक्की दारबंदी दिसते. खालचा ओठ फुगून वरच्याला चिकटलेला, मध्ये फट नाही. लहानसहान माशी येते, उंबऱ्यावर घुटमळते, निघून जाते. मग जाडजूड भुंगमाशी येते, खालच्या ओठावर भार टाकते, दार उघडतं, ती कमरेपर्यंत आत जाते आणि तिच्या पाठीवर पराग शिंपला जातो. ती बाहेर पडली की दार पुन्हा बंद. पुढे फूल गळून बोंड वाळलं की त्याच्या टोकाला भोकं पडतात आणि या घराण्यातल्या पुष्कळ बोंडांचं त्या भोकांमुळे अगदी हुबेहूब कवटीसारखं ध्यान होतं, दोन डोळे आणि एक वासलेलं तोंड. वाऱ्याने देठ हलला की डोळ्यांतून बी सांडतं. स्वच्छतेची आवड असलेले लोक नेमके याच वेळी कात्री घेऊन बोंडं छाटतात आणि पुढच्या वर्षी 'उगवलं नाही' म्हणून रोपवाटिकेत तक्रार करतात.

ज्यांना यातलं काहीच झेपणार नाही त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे, बेटावरचा स्नॅपड्रॅगन. गॅम्बेलिया हे त्याचं नाव, नटालनेच १८४८ मध्ये आपला तरुण सहकारी विल्यम गॅम्बेल याच्या नावावरून ठेवलेलं. लाल नळीसारखी फुलं, हमिंगबर्डचा लाडका, झुडूप बारमाही, अधूनमधून उन्हाळ्यात पाणी दिलं तरी समजून घेणारं. सांता कॅटालिना, सान क्लेमेंटे आणि मेक्सिकोचं ग्वादालूप ही त्याची घरं. तिथे माणसांनी सोडलेल्या शेळ्यांनी इतकी झाडं फस्त केली की हे झुडूप आज रानात दुर्मीळ आणि रोपवाटिकांत मुबलक आहे. शेळीच्या तोंडून वाचून माळ्याच्या हाती लागणं ही सुटका की नवी कैद, हे त्या झुडपाला विचारायची सोय नाही. बाग म्हणून ते उत्तम. पण कोरडी बाग करायला निघालेल्या माणसाचा स्वभाव बदलण्याचं काम त्याच्याकडून होत नाही, कारण ते सगळंच सहन करतं.

राहता राहिला आपल्याकडच्या हौशी मंडळींचा प्रश्न: पोराकडे सहा महिने राहून परत येताना पिशवीत चिमूटभर बी टाकावं का? परवानगी आणि रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राविना परदेशी बी आणणं भारतात बेकायदा आहे, हे झालं पहिलं कारण. दुसरं कारण आपला पाऊस. ज्या महिन्यांत या झाडाला टिपूसभरही पाणी नको असतं, बरोबर त्याच महिन्यांत सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे आभाळ फाटतं. तिथे फायटॉप्थोराला मालकाच्या नळीचीसुद्धा गरज नाही. आणि तिसरं कारण असं, की स्नॅपड्रॅगनच्या कुळातली एक अस्सल इथली वनस्पती आपल्याकडे आधीच आहे: नॅनोऱ्हायनम रॅमोसिसिमम, खडकांच्या आणि जुन्या भिंतींच्या फटीत, मूठभर चुन्यावर लोंबणारी नाजूक वेल, तिला पिवळी, मागे शेपटी असलेली इवलीशी फुलं. कुठल्या रोपवाटिकेत ती विकायला ठेवत नाहीत, त्यामुळे तिला निगा लागते की नाही हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. भिंतीची डागडुजी निघाली की आधी तिला खरवडून काढतात, मग फटीत सिमेंट भरतात, आणि उरलेल्या पैशात पायथ्याशी झेंडूच्या कुंड्या मांडून रोज टँकरने पाणी घालतात.